चौकोनात खूण कोणी करायची?

कॅलिफोर्नियात घरमालकाने भाडेकरूला बाहेर काढण्याचा दावा लावला, की भाडेकरूने कैफियत द्यायची असते. तिचा छापील नमुना आहे, यूडी-१०५. न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. पानापानावर चौकोन आणि चौकोनांपुढे एकेक बचाव. त्यातल्या एकाचा अर्थ असा, की मालकाने घर राहण्याजोगं ठेवलेलं नाही. छत गळतंय, हीटर महिनाभर बंद आहे, न्हाणीघराच्या भिंतीला बुरशी आलीय आणि तरी मालक थकलेल्या भाड्यासाठी घर रिकामं करायला सांगतोय, तर त्या चौकोनात खूण करायची आणि पुढे हकिगत लिहायची. खूण राहिली तर तो बचाव हातचा गेला असंच धरून चालावं. या साऱ्याला मुदत पूर्वी पाच दिवसांची होती. १ जानेवारी २०२५ पासून ती दहा दिवसांची झाली, शनिवार-रविवार आणि न्यायालयाच्या सुट्ट्या वगळून.

असे नमुने कसे भरायचे, कोणत्या चौकोनामागे कोणता कायदा उभा आहे, हे त्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या प्रशिक्षित मदतनिसाच्या, दोन वर्षांच्या वर्गात शिकवतात. शिकून बाहेर पडलेल्या बाईकडे उद्या शेजारीण हाच कागद घेऊन आली आणि ‘कुठे खूण करू?’ म्हणाली, तर तिने काय करावं? कायदा म्हणतो, गप्प बसावं. फार तर ‘नमुना इथे मिळतो, इतक्या दिवसांत द्यायचा असतो’ एवढं सांगावं. ‘तुझ्या बाबतीत हा चौकोन’ असं म्हटलं की तो कायदेशीर सल्ला झाला, आणि सल्ला देणं म्हणजे वकिली. सनदेशिवाय वकिली करणाऱ्याला कॅलिफोर्नियाच्या व्यवसाय संहितेचं कलम ६१२६ एक वर्षापर्यंत तुरुंगवास, हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. शेजारणीला आपुलकीने सांगितलं म्हणून कोणी बेड्या घेऊन दारात येत नाही, हे उघड आहे. पण तिने पाटी लावून, माफक पैसे घेऊन, रोज दहा जणांना तेच सांगायचं ठरवलं तर तिला तसं करता येत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: त्या दोन वर्षांच्या शिक्षणात फारसं काही कमी नाही. कमी आहे ती त्या शिक्षणापुढे मिळायला हवी अशी छोटी सनद. ती अडवून धरल्यामुळे लोकांच्या कराच्या पैशावर चालणारी कॉलेजं वकिलांच्या कचेऱ्यांना हुशार मदतनीस पुरवतात आणि कर भरणारे लोक न्यायालयात एकटे उभे राहतात.

कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकेने जगाला दाखवलेली एक खरोखर चांगली गोष्ट आहे, असं मला वाटतं. इलिनॉयमधल्या जोलिएट इथे १९०१ मध्ये पहिलं सरकारी ‘ज्युनियर कॉलेज’ निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केलं. गावातल्या माणसाला गावातच, परवडेल अशा फीत, नोकरी सांभाळून शिकता यावं हा त्यामागचा विचार. कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजं आहेत आणि राज्याच्या रहिवाशाला एका युनिटची, म्हणजे अभ्यासक्रम मोजायच्या एककाची, फी ४६ डॉलर पडते. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला साठ युनिटं लागतात, म्हणजे सगळी मिळून २,७६० डॉलर. पुस्तकं आणि पेट्रोल वेगळं. एखाद्या खासगी लॉ स्कूलची एका वर्षाची फी पन्नास हजार डॉलरच्या पुढे सहज जाते, तिथे तीन वर्षं काढावी लागतात आणि त्याआधी चार वर्षांची पदवी हवी ती वेगळीच.

पॅरालीगलचा अभ्यास हलकाफुलका असतो असं कोणी समजू नये. करार, अपकृत्य, दिवाणी प्रक्रिया, कुटुंब कायदा, मृत्युपत्रं, कायद्याचं संशोधन आणि लेखन, कचेरीतलं तंत्रज्ञान, व्यावसायिक नीती, एवढं सगळं त्यात येतं. अमेरिकन बार असोसिएशन, म्हणजे वकिलांचीच संघटना, १९७० च्या दशकापासून अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते. त्यासाठी निदान साठ युनिटं आणि त्यांतली निदान अठरा निव्वळ कायद्याची, अशी तिची अट आहे. मान्यता घेणं सक्तीचं नाही, पण चांगली कॉलेजं घेतात. संध्याकाळी सहाच्या वर्गाला येतात ते बहुतेक दिवसभर काम करून आलेले लोक: मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा पुस्तक उघडलेल्या आया, लष्करातून परतलेले, विमा कंपनीतून नोकरी गेलेले. घटस्फोट, कर्जवसुली, व्हिसा यांतलं काहीतरी यांतल्या पुष्कळांनी स्वतः भोगलेलं असतं. कायद्याची भाषा त्यांना शिकावी लागते. कायद्याचा चटका कसा बसतो ते त्यांना शिकवावं लागत नाही.

आणि या वर्गात सुरुवातीलाच गिरवून घेतात तो धडा ‘काय करायचं नाही’ याचा. सल्ला द्यायचा नाही, फी ठरवायची नाही, पक्षकार स्वीकारायचा नाही, न्यायालयात उभं राहायचं नाही. कॅलिफोर्नियाने २००१ पासून एक पाऊल पुढे टाकलं: पॅरालीगल कोणाला म्हणायचं याची व्याख्याच कायद्यात घातली, शिक्षणाची अट घातली, दर दोन वर्षांनी नीती आणि कायदा या विषयांच्या प्रत्येकी चार तासांच्या उजळणीची सक्ती केली. इथवर छान. पण त्याच कायद्याने असंही ठरवलं, की वकिलाच्या देखरेखीखाली काम करतो तोच पॅरालीगल. थेट लोकांची कामं करणाऱ्याने स्वतःला पॅरालीगल म्हणवून घेणंही बेकायदा. म्हणजे शिकलेल्या माणसाने आपल्या शिक्षणाचं नाव लावायचं तर डोक्यावर वकील हवाच.

यातला पैशाचा भाग बघण्याजोगा आहे. कॅन्सस सिटीतल्या शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्यातून निघालेल्या ‘मिझुरी विरुद्ध जेंकिन्स’ या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ठरवलं, की जिंकलेल्या पक्षाला वकिलाची फी मिळते तेव्हा पॅरालीगलच्या तासांचा मोबदलाही बाजारभावाने मिळावा. वकिलाला पगारापोटी किती पडतं यावर तो ठरत नाही. निकाल रास्तच आहे. पण त्यातून एक गोष्ट कायमची नोंदली गेली: पॅरालीगलच्या ज्ञानाला बाजारभाव आहे. फक्त तो वकिलाच्या बिलातूनच वसूल व्हायचा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पॅरालीगलचं मधलं वार्षिक वेतन ६०,९७० डॉलर होतं, वकिलाचं १,४५,७६०. पॅरालीगल वकिलाएवढे महाग नाहीत, हे सामान्य माणसाच्या फायद्याचं असायला हवं होतं. तसं होत नाही, कारण सामान्य माणूस त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

आता या माणसाकडे वळू. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण म्हणतो. अमेरिकेत गरीब माणूस हौसेने ती चढत नाही, त्याला फरफटत नेलं जातं. घराचा दावा, क्रेडिट कार्डाची वसुली, मुलाचा ताबा. फौजदारी खटल्यात वकील परवडत नसेल तर सरकारने द्यावा लागतो. दिवाणीत असा सरसकट हक्क नाही. संघराज्याच्या निधीवर चालणाऱ्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनने २०२२ मध्ये सांगितलं, की कमी उत्पन्नाच्या लोकांच्या गंभीर दिवाणी अडचणींपैकी ९२ टक्क्यांत त्यांना पुरेशी मदत मिळत नाही, किंवा अजिबातच मिळत नाही. कर्जवसुलीच्या दाव्यांबद्दल प्यू ट्रस्ट या संशोधन संस्थेचा २०२० चा अहवाल आहे: जिथली माहिती मिळाली तिथे सत्तर टक्क्यांहून जास्त दावे एकतर्फी निकाली निघाले. प्रतिवादीने कैफियतच दिली नाही आणि वादीने मागितलं ते मिळालं. त्यात खरोखर किती कर्ज होतं, किती व्याज चुकीचं होतं, किती दाव्यांची मुदत उलटून गेली होती, हे कोणी तपासलंच नाही. एका कागदावर मुदतीत चार खुणा करायला सांगणारं कोणी असतं तर यातले पुष्कळ निकाल असे लागले नसते.

वकील मंडळींचं उत्तर ठरलेलं आहे: अर्धवट शिकलेल्याच्या हाती कायदा दिला तर लोकांचं नुकसान होईल. हे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साठ वर्षांपूर्वीच ऐकून बाजूला ठेवलं आहे. १९६३ चा मार्च महिना. फ्लॉरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिणाऱ्या क्लॅरेन्स गिडियनच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, की वकिलाशिवाय गरीब आरोपीला न्याय्य खटला मिळू शकत नाही. हा निकाल सगळ्यांना पाठ असतो. दोनच महिन्यांनी, त्याच मे महिन्यात, त्याच फ्लॉरिडातलं दुसरं प्रकरण आलं. टँपातला अलेक्झांडर स्पेरी वकील नव्हता. संघराज्याच्या पेटंट कार्यालयात त्याची रीतसर नोंद होती आणि तो लोकांच्या पेटंटची कामं करायचा. ‘फ्लॉरिडा बार’ ही तिथल्या वकिलांची संस्था म्हणाली, ही विनासनद वकिली आहे, बंद करा. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की हे काम वकिलीच आहे, आणि पुढे सांगितलं, की संघराज्याने त्याला परवानगी दिली असेल तर राज्याला ती हिरावून घेता येणार नाही. पेटंटसारखा किचकट विषय, आणि त्यात वकील नसलेला माणूस चालतो! अट एवढीच, की त्याचं ज्ञान आणि चारित्र्य तपासलेलं असावं.

स्पेरी एकटा नव्हता. आयकर खात्यापुढे बाजू मांडणाऱ्या ‘एनरोल्ड एजंट’ची परंपरा १८८४ पर्यंत मागे जाते. सोशल सिक्युरिटीच्या दाव्यात वकील नसलेला प्रतिनिधी चालतो. सरकारमान्य सेवाभावी संस्थांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी परागंदा होऊन आलेल्यांसाठी स्थलांतराच्या न्यायालयात उभे राहतात, तिथे तर माणसाला देशाबाहेर घालवण्याचा प्रश्न असतो. वॉशिंग्टन डी.सी.च्या कचेऱ्यांत जे चालतं ते गावच्या भाड्याच्या कोर्टात का चालू नये, याचं पटेल असं उत्तर माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

राज्यांनी प्रयत्न केलेच नाहीत असं नाही. वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये नियम करून मर्यादित सनदेचे ‘कायदा तंत्रज्ञ’ तयार करायचं ठरवलं, पहिल्यांना २०१५ मध्ये सनदा मिळाल्या आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने योजना गुंडाळायला घेतली. कारण दिलं, खर्च फार आणि येणारे थोडे. तोवर सनदधारकांनी पन्नाशीही गाठली नव्हती. विरोधक हे उदाहरण नेहमी तोंडावर फेकतात. पण अटी काय होत्या ते बघा: कॉलेजचं शिक्षण, त्यावर विद्यापीठातले कुटुंब कायद्याचे जादा विषय, परीक्षा आणि वकिलाच्या हाताखाली तीन हजार तास. एवढं करून क्षेत्र एकच, कुटुंब कायदा, आणि सुरुवातीला तर न्यायालयात पक्षकाराच्या वतीने बोलायचीही मुभा नाही. पाय बांधून शर्यतीत उतरवायचं आणि मग ‘धावता येत नाही’ असा शेरा मारायचा.

ओंटारियोने उलटं केलं. कॅनडाच्या या प्रांतात २००७ पासून पॅरालीगलना स्वतंत्र सनद मिळते, वकिलांवर लक्ष ठेवणारी लॉ सोसायटीच त्यांच्यावरही लक्ष ठेवते. कॉलेजचा मान्य अभ्यासक्रम, त्यात १२० तास प्रत्यक्ष काम, परीक्षा, व्यावसायिक विमा. मग भाडेकरू लवाद, वाहतुकीचे गुन्हे, छोट्या रकमांचे दावे यांत ते स्वतः उभे राहतात, स्वतःची कचेरी थाटतात. छोट्या दाव्यांची मर्यादा २०२० मध्येच ३५,००० कॅनेडियन डॉलरपर्यंत वाढली, म्हणजे काम अगदी चिल्लर नाही. आज तिथे दहा हजारांहून जास्त सनदधारक पॅरालीगल आहेत. अमेरिकेतही युटा, ॲरिझोना, ऑरेगॉन, कोलोरॅडो ही राज्यं कमी-अधिक धिटाईने त्या वाटेने गेली. ॲरिझोनात तर २०२१ पासून असा सनदधारक न्यायालयात उभाही राहू शकतो. कुठे आकाश कोसळल्याचं ऐकलं नाही.

कॅलिफोर्नियाचं काय? वकिलांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या स्टेट बारच्याच गटाने अशी सनद द्यावी असा प्रस्ताव तयार केला होता. २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून १ जानेवारी २०२५ पर्यंत त्या कामावर पैसाच खर्च करायला बारला बंदी घातली. देशातलं सगळ्यात स्वस्त असं हे शिक्षण ज्या राज्यात मिळतं, तिथेच त्या शिक्षणाची पुढची पायरी उखडली गेली.

विरोधकांच्या एका मुद्द्यापुढे मात्र मी थांबतो. अमेरिकेतल्या लॅटिनो वस्त्यांत ‘नोतारियो’ हा शब्द भीतीने घेतला जातो. लॅटिन अमेरिकेत नोतारियो म्हणजे कायद्याचा मोठा जाणकार. अमेरिकेतला नोटरी नुसते सह्याशिक्के करतो. या गोंधळाचा फायदा घेऊन कितीतरी भामट्यांनी स्थलांतरितांचे अर्ज चुकीचे भरले, पैसे उकळले, माणसं देशाबाहेर गेली. ही फसवणूक खरी आहे आणि तिची जखम पैशाने भरून निघत नाही. पण या भामट्यांना गिऱ्हाईक मिळतं कसं? वकील परवडत नाही, परीक्षा दिलेला, विमा उतरवलेला, तक्रार करता येईल असा स्वस्त माणूस आसपास नसतो, आणि मुदत परवा संपत असते. मग जो भेटेल तो देव. सनद म्हणजे सरसकट मोकळीक नव्हे. चुकलास तर काढून घेऊ, असं म्हणायला आधी ती दिलेली असावी लागते. आणि सनदवाल्याच्या हातून चुका होत नाहीत अशातला भाग नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात सनदधारक वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. दाखले तपासून घेणं हे पॅरालीगलच्या वर्गात शिकवलं जाणारं प्राथमिक काम आहे, एवढंच जाता जाता.

आपल्याकडे बघितलं तर गंमत वाटते. वकिलीची मक्तेदारी १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने पक्की केली. पण त्याच कायद्याच्या ३२ व्या कलमात न्यायालयाने परवानगी दिली तर वकील नसलेला माणूसही एखाद्या प्रकरणात उभा राहू शकतो. औद्योगिक विवादाच्या १९४७ च्या कायद्याने कामगाराची बाजू युनियनच्या पदाधिकाऱ्याला मांडू दिली आणि वकिलाला मात्र समोरच्या पक्षाच्या संमतीविना दारातच थांबवलं. ग्राहक मंचांपुढे वकील नसलेल्या प्रतिनिधीने बोलावं की नाही, हा वाद मुंबईतूनच उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये प्रतिनिधीच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो उचलून धरला. म्हणजे वकिलाविना बाजू मांडण्याची सवय आपल्याला नवी नाही. आपल्याकडे उणीव आहे ती शिक्षणाची. विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या योजनेतले विधी स्वयंसेवक तुरुंगात, पोलीस ठाण्यात, गावात जाऊन लोकांना वाट दाखवतात. पण थोड्या दिवसांचं प्रशिक्षण आणि दिवसावर मानधन, यावर कोणाचा व्यवसाय उभा राहत नाही. तहसील कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाला आणि वकिलाच्या मुरलेल्या कारकुनाला कोणता अर्ज कोणत्या टेबलावर अडतो हे कुठल्याही नव्या वकिलापेक्षा जास्त कळतं, पण त्यांना ते कोणत्याही वर्गात शिकवलेलं नसतं आणि कोणी तपासलेलंही नसतं. तिकडे वर्ग आहे, सनद नाही. इकडे मुभा आहे, वर्ग नाही.

आणि या दोन्हींच्या मधे सापडलेल्या काही जणी माझ्या ओळखीच्या आहेत. इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एखादी भेटतेच: पुण्या-नागपूरची एलएल.बी., लग्न होऊन, नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आलेली. जिने भारतात रीतसर सनद घेऊन ठेवली होती तिला कॅलिफोर्नियाची बार परीक्षा थेट देता येते. जिने लग्नाच्या गडबडीत ‘सनद काय, नंतर घेऊ’ म्हटलं, तिला आधी इथलं वर्षभराचं एलएल.एम. करावं लागतं, तेही हजारो डॉलर मोजून. (सनद न घेताच विमानात बसणाऱ्या मुलींच्या वडिलांना हे कोणीतरी आधी सांगायला हवं.) मग ती कम्युनिटी कॉलेजात जाते. एच-४ वर शिकायला बंदी नाही. नोकरीची परवानगी मात्र २०१५ च्या नियमाप्रमाणे, आणि बहुधा नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झाला तरच. पॅरालीगल होणं म्हणजे खाली उतरणं, असं तिला सासर-माहेरचे सुचवत राहतात. मला तसं वाटत नाही. दिवाणी प्रक्रियेचा गाभा दोन्हीकडे इंग्रजी वळणाचाच असल्यामुळे ती वर्गात पुढे असते. पण तिनेही हे ऐकून ठेवावं, की सरकारी अंदाजाप्रमाणे या व्यवसायातल्या नोकऱ्या पुढच्या दशकात जवळपास वाढणार नाहीत आणि मोठ्या शहरांतल्या कचेऱ्या चार वर्षांची पदवी मागतात. कागद चाळण्याचं, क्रमांक घालण्याचं काम यंत्रं झपाट्याने घेत आहेत. उरणार आहे ते समोरच्या माणसाचं ऐकून त्याला नेमका चौकोन दाखवण्याचं काम, आणि नेमकं तेच तिला मना आहे.

म्हणून मागणी मोठी नको, नेमकी हवी. तीन क्षेत्रांपासून सुरुवात करावी: घर खाली करण्याचे दावे, ठरावीक रकमेपर्यंतची कर्जवसुली आणि वाद नसलेले घटस्फोट. कम्युनिटी कॉलेजची पदवी, त्या विषयाची परीक्षा, विमा, तक्रार ऐकणारं मंडळ. तासांची अट असावी, पण ती वकिलाच्या मर्जीवर नको, कॉलेजच्या स्वतःच्या मदत केंद्रात पुरी करता यावी, म्हणजे शिकतानाच लोकांची कामं होतील. फीचा दर दारावर लावलेला असावा. कॅलिफोर्नियात आज ‘लीगल डॉक्युमेंट असिस्टंट’ म्हणून नोंदणी करता येते, त्यासाठी २५,००० डॉलरचा बाँडही द्यावा लागतो. हा माणूस गिऱ्हाईक सांगेल तसा नमुना टंकून देतो, दाखल करून देतो. कोणत्या चौकोनात खूण करायची हे मात्र ज्याला कळत नाही त्या गिऱ्हाइकानेच त्याला सांगायचं असतं.